हर्सूलच्या शिवारांत

औरंगाबाद शहराच्या, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगराच्या, जुन्या तटाला जे दरवाजे आहेत त्यांपैकीं उत्तरेकडील दिल्ली दरवाज्याशीं माझा संबंध कांहींसा खाजगी स्वरूपाचा आहे. या दरवाज्यांतून बाहेर पडलें म्हणजे हर्सूलची वाट लागते, आणि हर्सूलकडील एका कुटुंबाचें मी एक जुनें देणें लागतों. तें पैशाचें नाहीं. शाळेंतून सेवानिवृत्त होऊन मला आतां कांहीं वर्षें झालीं. सेवेंत असतां केलेले उपदेश पुष्कळसे विसरलों. परंतु एक उपदेश मात्र मनांत सलत राहिला. त्याचा जमाखर्च एकदां समक्ष पाहावा या हेतूनें गेल्या कार्तिकांत मीं हर्सूलास दोन दिवस मुक्काम केला. त्याची ही हकीकत आहे.

आधीं तो उपदेश कोणता तें सांगितलें पाहिजे. इ. स. १९९५ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या शाळेंत हर्सूलच्या बाजूचा एक विद्यार्थी होता. संस्कृतांत हुशार, स्वभावानें अबोल. त्याच्या वडिलांना घरीं व गांवांत सर्व जण आबा म्हणत, व अजूनहि म्हणतात. ते एके दिवशीं शाळा सुटल्यावर मला भेटावयास आले. महाराष्ट्र सरकारनें १९९० सालीं रोजगार हमीशीं जोडून फळबाग लागवडीची योजना काढिली होती. खड्डे, कलमें, खतें यांच्या खर्चास तींतून साहाय्य मिळे. विहिरीखालच्या दोन एकरांत मोसंबी लावावी कीं पूर्वीप्रमाणें ज्वारी-कापूस चालूं ठेवावा, असा आबांचा प्रश्न होता. मला शेतीची माहिती होती ती पुस्तकी. परंतु 'मला ठाऊक नाहीं' असें म्हणण्याची शिक्षकास संवय नसते. एकाच पिकावर विसंबणें म्हणजे घरांतील सारीं वस्त्रें एकाच खुंटीवर टांगणें होय, असें मीं त्यांस मोठ्या थाटानें सांगितलें आणि बाग लावण्याचा आग्रह केला. आबांनीं सुमारें सवादोनशें झाडें लाविलीं. २०१३ च्या उन्हाळ्यांत तीं वाळलीं. ही बातमी मला कळली तेव्हां मी शाळेच्या खोलींत पंख्याखालीं बसून उत्तरपत्रिका तपाशीत होतों.

असो. सकाळीं मी निघालों. दिल्ली दरवाज्याच्या बाजूसच हिमायत बाग आहे. मोगलांच्या काळची ही बाग. आज तींत परभणीच्या कृषि विद्यापीठाचें फळ-संशोधन केंद्र आहे. पुढें मध्यवर्ती कारागृहाची भिंत, मग दुकानांची व इमारतींची गर्दी, आणि अजिंठ्याकडे जाणारा रुंद रस्ता. हर्सूल आतां महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. गांव कोठें संपलें व शहर कोठें लागलें हें नव्या माणसास कळावयाचें नाहीं. हरसिद्धि देवीचें देऊळ मात्र जुन्या जागीं आहे आणि नवरात्रांत तेथें अजून दाटी होते. देवीचें दर्शन घेऊन मी तलावाकडे वळलों.

या गांवाचा आणि पाण्याचा संबंध जुना आहे. मलिक अंबरानें १६१० मध्यें खडकी वसविली; तिचेंच पुढें औरंगाबाद झालें. त्या शहरासाठीं त्यानें जी प्रसिद्ध नहर बांधिली तिचें पाणी हर्सूलच्याच बाजूनें जमिनीखालून शहरांत आणिलें होतें. हर्सूल तलावाचें पाणीहि पिण्यासाठीं शहराकडेच जातें. हर्सूलनें अशा रीतीनें शतकानुशतकें शहराची तहान भागविली, परंतु स्वतःच्या शेतांसाठीं त्याला आकाशाकडेच पाहावें लागलें. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. वर्षाचा पाऊस सरासरीनें सातशें मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोहि चार महिन्यांत केव्हां पडेल याचा नेम नाहीं. पैठणच्या जायकवाडी धरणाचें पाणी नळानें शहरापर्यंत चढवून आणतात. परंतु त्या धरणाचा कालवा या उंचावरील शिवारास लाभलेला नाहीं. विहीर, विंधनविहीर आणि पाऊस, एवढ्यावरच येथील शेतकऱ्याची सारी भिस्त.

माझ्या विद्यार्थ्याचें घर हर्सूलच्या पुढें सावंगीच्या अंगास, शेतांतच आहे. आबांचें वय आतां ऐंशीच्या पुढें गेलें आहे. थोरला मुलगा शेती पाहतो. धाकटा, म्हणजे माझा विद्यार्थी, वाळूजच्या कारखान्यांत नोकरीस आहे, पण राहतो येथेंच. सुना व नातवंडें धरून अकरा माणसें एका चुलीवर जेवतात. मला पाहतांच आबा ओट्यावरून उठूं लागले. मीं त्यांस बसविलें आणि बोलावयाचें म्हणून मनांत घोळविलेलें वाक्य एकदम बोलून टाकिलें, "आबा, तुमच्या बागेचा दोष माझ्याकडे आहे."

ते हसले. "गुरुजी, आधी पानी घ्या. दोष कुटं पळून जात नाही."

जेवतांना भाकरी उत्तम होती. ज्वारी कोणत्या रानाची म्हणून मीं विचारलें, तेव्हां थोरली सून संकोचानें म्हणाली, "विकतची आहे, गुरुजी. आमच्याकडं ज्वारी पेरून बरीच सालं झाली." शेतकऱ्याच्या घरीं विकतच्या ज्वारीची भाकरी! माझ्या चेहऱ्यावरील आश्चर्य आबांनीं पाहिलें असावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते स्वतः काठी टेकीत मला शिवार दाखवावयास निघाले.

शिवारांत त्या वेळीं कपाशीची वेचणी चालली होती. मक्याचीं रानें मोकळीं झालीं होतीं. कोठें तूर फुलावर होती. विहिरीजवळ मेथी-कोथिंबिरीचे वाफे होते. दूर एका शेतांत आल्याचे हिरवे गादीवाफे दिसत होते. परंतु नजर जाईल तेथवर मुख्य पिकें दोनच, कपाशी आणि मका. आबा बांधावर उभे राहून म्हणाले, "ह्याच रानात माझ्या बापाच्या वेळी एका पेरनीत पाच धान्यं असायची."

त्यांनीं मला जुनी पेरणी समजावून सांगितली. तिफणीनें ज्वारी किंवा बाजरी पेरीत असतां कांहीं ओळी सोडून तुरीची ओळ धरावयाची. तिफणीच्या मागें मोघणें बांधून एखादी बाई त्यांत मूग, उडीद किंवा तीळ सोडीत जाई. मुख्य धान्यांत दुसऱ्या धान्याच्या ज्या ओळी पडत त्यांस इरवड म्हणत. रब्बीच्या ज्वारींत करडईच्या ओळी असत. करडई कांटेरी असल्यामुळें कडेच्या ओळी कुंपणाचेंहि काम करीत. मूग श्रावण-भाद्रपदांत निघे, बाजरी त्यामागून, तूर पौष-माघांत. पाऊस लवकर गेला तर मूग पदरांत पडे, उशिरां आला तर तूर तरे. सगळेंच बुडावें असें क्वचितच घडे. शेतकऱ्यास पिकांची विविधता शिकवावयास निघालेला मी, त्या वेळीं मनांत ओशाळलों. ती त्याच्या घरचीच विद्या होती. मग ती गेली कां?

कारणें मीं आबांस व थोरल्यास विचारीत गेलों, आणि उत्तरें एकेक करून अशीं मिळालीं. पहिलें कारण बैलांचें. ज्वारी माणसाला धान्य देई आणि बैलाला कडबा. ट्रॅक्टर आला, बैल गेले, तेव्हां ज्वारीची अर्धी किंमतच गेली. दुसरें कारण माणसांचें. पांच धान्यांचीं पांच काढण्या, पांच मळण्या. एवढे हात आतां घरोघर नाहींत. तिसरें कारण ऐकून मात्र मी थक्क झालों. तें माझ्या कोणत्याहि पुस्तकांत मीं वाचलेलें नव्हतें. तें पांखरांचें.

"एकट्यानं बाजरी पेरली," थोरला म्हणाला, "तर सगळ्या शिवाराची पाखरं माझ्याच कणसांवर. पहिलं सगळ्यांचीच बाजरी असायची. पाखरं तेवढीच, पन वाटून खायची. आता पाच एकरांत एक माझी बाजरी, आन् दिवसभर गोफण घेऊन उभं कोन राहनार? पोरं शाळेत, बाया वेचनीला."

वाचकहो, या साध्या वाक्यावर मी बराच वेळ विचार करीत राहिलों. शेत ज्याचें त्याचें, पीक ज्याच्या त्याच्या मर्जीचें, असें आपण शहरांत बसून मानतों. प्रत्यक्षांत शेजाऱ्यानें काय पेरलें यावर माझें पीक ठरतें. सारें शिवार कपाशीचें झालें कीं कपाशी सोडणाऱ्यावर पांखरें, मोकाट जनावरें आणि रानडुकरें यांचा सगळा भार येतो. बदल एकट्यानें करावयाचा तर त्याची शिक्षाहि एकट्यानेंच भोगावयाची.

आतां कपाशीचे गुण पाहा. २००२ मध्यें आपल्या देशांत बीटी कपाशीस परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत ती सर्वत्र पसरली. पुढें २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें महाराष्ट्रांत त्या पिकाची मोठी नासाडी केली. तरी शेतकऱ्यानें कपाशी सोडिली नाहीं. हा अडाणीपणा असें म्हणणें सोपें आहे. परंतु कपाशी घरांत रचून ठेवितां येते. भाव पडला तर दोन महिने थांबतां येतें. व्यापारी दारांत येऊन काटा लावितो. पावसानें पंधरा-वीस दिवस ताण दिला तरी ती तग धरते. बियाणें-औषधांचा दुकानदार उधार देतो तोहि या भरंवशावर. मक्याचेंहि असेंच, कोंबड्यांच्या खाद्यासाठीं त्याला गिऱ्हाईक आहे. २०१८ मध्यें आपल्या देशांत अमेरिकन लष्करी अळी आली तिनें मक्यास झोडपलें, तरी मका राहिला. ज्या पिकास घेणारा ठरलेला आहे तें पीक कीड लागूनहि टिकतें. ज्यास घेणारा नाहीं तें चांगलें पिकूनहि जातें.

थोरल्यानें याचा अनुभव स्वतः घेतला आहे. २०१५ मध्यें तुरीची डाळ किरकोळ बाजारांत किलोस दोनशें रुपयांच्या घरांत गेली होती, हें गृहिणींस आठवत असेल. पुढल्या वर्षीं डाळींचा पेरा वाढवा असें चोहोंकडून सांगण्यांत आलें, आणि तुरीस बोनस धरून क्विंटलला ५०५० रुपये हमीभाव जाहीर झाला. थोरल्यानें कपाशी कमी करून तीन एकर तूर पेरली. पाऊस चांगला झाला, तूर भरघोस आली, आणि सगळ्यांचीच आल्यामुळें बाजारभाव हमीभावाच्या पुष्कळ खालीं गेला. सरकारनें खरेदी केली नाहीं असें नव्हे, पुष्कळ केली. परंतु केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदान संपलें, आणि २२ एप्रिल २०१७ रोजीं खरेदीची मुदत सरली. पुढें ती पुन्हां सुरू झाली. तोंवर थोरला रांगेंत चार रात्री काढून परत आला होता व त्यानें तूर व्यापाऱ्यास घातली होती, कारण खताची उधारी चुकती करावयाची होती. डाळींच्या निर्यातीवर २००६ पासून असलेली बंदी त्याच वर्षीं नोव्हेंबरांत उठली. पण तेव्हां त्याच्या घरीं विकावयास तूर उरलेली नव्हती. त्या जूनमध्यें नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्याचीं मुळें अशा घरोघरच्या हिशेबांत होतीं.

"गुरुजी," थोरला म्हणाला, "सांगितलं तसं पेरलं. फळ मिळालं ते सांगनाऱ्याला न्हाई, पेरनाऱ्याला."

हें वाक्य त्यानें माझ्या संबंधानें उच्चारलें नव्हतें. तरी तें मला लागलें.

माझ्या आवडीच्या ग्रंथाची आठवण येथें झाल्यावांचून राहिली नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत, सीताध्यक्षाच्या प्रकरणांत, पिकांची प्रतवारी लाविली आहे. भातादि धान्यें श्रेष्ठ, भाजीपाला मध्यम, आणि ऊस सर्वांत कनिष्ठ. कारण उसास उपद्रव फार आणि खर्चहि फार. आज मराठवाड्यांत पाण्याची इतकी टंचाई असतां ऊस कां लावितात म्हणून विद्वान् लोक रागावतात. परंतु उसाला कायद्यानें ठरलेला दर आहे आणि ठरलेला कारखाना आहे. मेथीला, आल्याला, मोसंबीला यांतलें कांहींच नाहीं. पंजाबांतहि हीच कथा. तेथील गहूं-भाताचें क्षेत्र कमी करून दुसरीं पिकें आणावीं असें डॉ. जोहल यांच्या समितीनें १९८६ मध्येंच सांगितलें होतें. भात कांहीं कमी झाला नाहीं. कारण भात व गहूं सरकार निश्चित विकत घेई, आणि सुचविलेल्या पिकांस तसा घेणारा नव्हता. शेतकरी सरकारचें भाषण एका कानानें ऐकतो आणि काट्याचा आवाज दोन्ही कानांनीं ऐकतो. त्यास दोष कसा द्यावा?

दुपारीं आम्ही त्या दोन एकरांत गेलों. तेथें आतां मका निघालेलें मोकळें रान आहे. बागेची खूण म्हणून कांहीं उरलेलें नाहीं. ठिबकच्या नळीचा एक तुकडा बांधाशीं पडला होता. आबा तेथेंच बसले आणि त्यांनीं मला हिशेब सांगितला.

झाडें लाविल्यावर पांच वर्षें बागेंतून कांहीं आलें नाहीं. त्या काळांत झाडांच्या मधल्या पट्ट्यांत मूग-भुईमूग घेऊन घर चाललें. सहाव्या वर्षापासून फळ सुरू झालें. पुढचीं दहा-अकरा वर्षें बागेनें चांगली साथ दिली. दोन मुलींचीं लग्नें त्यावर झालीं, हें पक्कें घर त्यावर झालें, धाकट्याचें शिक्षण त्यावर झालें. मग २०१२ चा पाऊस गेला. विहीर माघांत आटली. चारशें फूट विंधनविहीर घेतली ती कोरडी निघाली. चैत्रापर्यंत टँकरनें पाणी विकत घेऊन झाडांच्या बुडाशीं ओतलें. त्या वर्षीं जालना व औरंगाबाद या जिल्ह्यांत मोसंबीच्या बागा अशाच जळाल्या. वैशाखांत आबांनीं टँकर बंद केला. पावसाळ्याच्या तोंडाशीं झाडें तोडून जळणाला विकलीं.

"म्हंजे तुमची चूक झाली असं मी म्हनत न्हाई," आबा म्हणाले. "बागेनं घर बांधलं. पन एक सांगतो. कपाशी बुडली तर एक साल बुडतं. झाड बुडलं तर मागची पंधरा सालं बुडतात. त्येच्यापायी दुसऱ्यांदा हात उचलत न्हाई."

मी खालीं मान घालून ऐकत होतों. १९९५ सालीं मीं त्यांना लाभ सांगितला होता आणि तो खोटा नव्हता. मीं सांगितली नव्हती ती गोष्ट दुसरीच. दुष्काळाच्या वर्षीं पाण्याचा, कर्जाचा व रिकाम्या वर्षांचा भार कोण उचलील, हा प्रश्न मीं मनांत आणिलाच नव्हता.

आणखी एक गोष्ट मला त्या बांधावर कळली. आबांची विहीर त्यांची एकट्याची नाहीं. ती त्यांची व त्यांच्या दिवंगत भावाची सामाईक. बाग लाविली तेव्हां दोघे भाऊ एकत्र होते. पुढें वांटण्या झाल्या, पाण्याच्या पाळ्या पडल्या; तीन दिवस यांचे, तीन दिवस पुतण्याचे. पाळीच्या दिवशीं वीज नसली कीं पाळी फुकट गेली. ज्वारीला किंवा कपाशीला हें चालतें. फळझाडाला अथवा भाजीला चालत नाहीं. आपण एकत्र कुटुंबाच्या गुणदोषांची चर्चा नेहमीं करतों, पण विहिरीचें पाणी हाहि त्यांतील एक विषय आहे हें मला ठाऊक नव्हतें. आबांच्या घरीं बदलाचें धाडस कांहीं अंशीं टिकून आहे तें धाकट्याच्या पगारामुळें. एका भावानें नोकरी धरावी आणि दुसऱ्यानें शेत, हीहि एक प्रकारची इरवडच नव्हे काय?

आणि जमीन स्वतःची नसेल तर? या प्रांतांतील जहागिरी १९४९ मध्यें गेल्या, व १९५० सालीं हैदराबाद संस्थानांत कूळ कायदा झाला. तत्पूर्वीं आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरच्या जमिनी कुळांकडे असत. माझे आजोबा तक्रार करीत कीं आपल्या कुळानें बांधावर एक आंब्याचें झाड म्हणून कधीं लाविलें नाहीं. मोठे आळशी लोक! लहानपणीं मला तें खरें वाटे. ज्याचा खंड वर्षाचा त्यानें वीस वर्षांचें झाड कोणासाठीं लावावें, हा विचार आमच्या घरांत कोणी केला नाहीं. आबांच्या शेजारचें शेत आज एक जण बटाईनें करतो. त्याच्याहि रानांत कपाशीच आहे, आणि दुसरें कांहीं असण्याचा संभवच नाहीं.

शहर जवळ असल्याचा लाभ कांहींच नाहीं काय? आहे. जाधववाडीची मोठी बाजारपेठ येथून हांकेच्या अंतरावर आहे. धाकटी सून व जाऊबाई विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत मेथी, कोथिंबीर, पालक लावितात. पहांटे जुड्या बांधून घरचा मुलगा मोटारसायकलवरून नेतो. भाव सकाळीं एक व दुपारीं दुसरा. एखाद्या दिवशीं कोथिंबीर तशीच टाकून यावें लागतें. तरी तो पैसा रोज येतो आणि बहुतांशीं बायकांच्या हातीं राहतो. दोन म्हशी आहेत. दूध शहरांत जातें. कपाशी-मक्याच्या या शिवारांत जी कांहीं विविधता उरली आहे ती मुख्यतः या घरांतील स्त्रियांच्या कष्टांवर उभी आहे, हें मला मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. परंतु शहराचें दुसरें रूपहि आहे. पलीकडच्या बांधावर 'प्लॉट विकणे आहे' अशी पाटी आहे. ज्यास वाटतें कीं पांच वर्षांत ही जमीन विकावयाची आहे तो विहीर खोल करीत नाहीं, झाड लावीत नाहीं. नांगरून कपाशी टाकितो आणि दलालाची वाट पाहतो. आबांच्या त्या दोन एकरांसाठींहि असाच एक गृहस्थ दोनदां येऊन गेला होता, आणि त्याला उत्तर देण्याचें अजून राहिलें होतें.

रात्रीं जेवणें झाल्यावर ओट्यावर बैठक बसली. थोरल्याचा मुलगा कृषि पदविका घेऊन नुकताच घरीं आला आहे. त्याच्या मनांत एकरभर आलें लावावयाचें. २०२३ सालीं आल्याचे भाव विलक्षण चढले होते, त्यांत शेजारच्या एकानें घर बांधलें. थोरला म्हणे, पुढल्या हंगामांत सगळ्यांनीं आलें लाविलें आणि भाव उतरले, तें कां विसरतोस? बेण्याचाच खर्च केवढा! धाकट्याच्या मनांत दोन एकर विकून रक्कम बँकेंत ठेवावी असें होतें. तें तो स्पष्ट बोलला नाहीं, पण सर्वांस ठाऊक होतें. शेवटीं आबा माझ्याकडे वळले. "गुरुजी, मागं तुम्हीच सांगितलं होतं. आता काय करावं?"

तीस वर्षांपूर्वींची ती संध्याकाळ माझ्यासमोर उभी राहिली. या वेळीं मीं म्हणालों, "आबा, मला ठाऊक नाहीं. परंतु मी चार प्रश्न विचारतों, त्यांचीं उत्तरें तुम्हीं आपसांत द्या. वैशाखांत या पिकाला पाणी कोणाच्या पाळींतलें? शेजारी काय पेरणार? घेणारा कोण? आणि बुडालें तर तोटा कोणाकोणांत वांटला जाईल?"

पहिल्या प्रश्नालाच पुतण्यास बोलावणें पाठवावें लागलें. तो आला. आठ वर्षांत या ओट्यावर तो प्रथमच चढला असें मागाहून कळलें. बराच वेळ बोलणें झालें, मध्यें आवाजहि चढले. मध्यरात्रीच्या सुमारास ठरलें तें असें. आलें लावावयाचें, पण एकर नव्हे, दहाच गुंठे. त्याचें बेणें धाकट्याच्या पगारांतून, म्हणजे कर्ज नाहीं. मुरमाड कोपऱ्यांत अर्धा एकर सीताफळ. त्याला पाणी थोडें लागतें, शेळी तोंड लावीत नाहीं, आणि उन्हाळ्यांत पाणी तुटलें तर पानें गाळून तें झाड उभें राहतें. उन्हाळ्यांत दोन्ही घरांनीं पाळ्या मोडून पाणी एकत्र उपसावयाचें व दोघांच्या भाजीला द्यावयाचें. कपाशींत तुरीच्या ओळी पुन्हां धरावयाच्या. आणि पुढल्या रब्बीस आबा, पुतण्या व शेजारचे दोघे अशा चौघांनीं लागून लागून ज्वारी पेरावयाची, म्हणजे पांखरें वांटलीं जातील व राखणीला चार घरांचीं माणसें पाळीनें उभीं राहतील. दोन एकर विकण्याचा विषय पुढल्या दिवाळीपर्यंत काढावयाचा नाहीं, असें धाकट्यानें स्वतःच सांगितलें.

यांतलें किती तडीस जाईल हें मी सांगूं शकत नाहीं. पाऊस आहे, भाव आहे, भाऊबंदकी आहे. परंतु एक गोष्ट मला त्या रात्रीं उमगली, ती वाचकांपुढें ठेवितों. नव्या पिकाचा नफा किती हें शेतकऱ्यास बहुधा आपल्यापेक्षां अधिक नेमकें ठाऊक असतें. त्याचा पाय अडतो तो तोटा एकट्यावर येईल या भयानें. जेथें सरकारच्या योजनेनें, घरांतील पगारानें, शेजाऱ्याच्या सोबतीनें किंवा ठरलेल्या गिऱ्हाइकानें त्या तोट्याचा कांहीं वांटा उचलला आहे, तेथें त्यानें नवें पीक धरलें आहे. १९९० च्या योजनेनंतर आबांनींहि तें धरलेंच होतें. जेथें वांटा कोणीच उचलीत नाहीं तेथें व्याख्यानें वायां जातात, मग तीं माझ्यासारख्या गुरुजीचीं असोत वा अधिकाऱ्यांचीं.

सकाळीं निघतांना आबा मला घरामागें घेऊन गेले. न्हाणीच्या मोरीजवळ मोसंबीचें एक झाड होतें. सवादोनशें झाडांपैकीं तेवढेंच उरलें. अकरा माणसांच्या आंघोळीचें पाणी त्याला रोज मिळत गेलें म्हणून. त्यांनीं काठीनें फांदी वांकवून चार फळें तोडलीं आणि माझ्या पिशवींत घातलीं. नको म्हणण्याचा धीर मला झाला नाहीं.

"पुढल्या रब्बीला या, गुरुजी," ते म्हणाले. "घरच्या ज्वारीची भाकरी खायाला."

ज्वारी झाली तर जाईनच. न झाली तरी जावें असें मनांत आहे.